चंद्र बघून ठरवलेली सुट्टी

विशीतली मुलं आईवडिलांबरोबर सुट्टीला यायला आपणहून तयार होतात, ही गोष्ट मी कधीच गृहीत धरत नाही. थोरलीला नोकरीत रजा मोजून मिळते. ती तिला मैत्रिणींबरोबरही घालवता आली असती. धाकट्याचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष आहे, पुढे तो कुठल्या गावात असेल हे त्यालाही ठाऊक नाही. म्हणून समुद्रकाठी आठवडाभर जाण्याचा विषय निघाला तेव्हा माझ्या मनात एकच होतं, की तिथे आपण चार मोठी माणसं म्हणून राहावं. आईने यादी करायची, बाबांनी पैसे भरायचे आणि मुलांनी मागून चालायचं, हा जुना प्रकार आता नको.

बोलायला हे सोपं आहे. पण ‘उद्या सकाळी सातला निघायचं’ हे वाक्य आईच्या तोंडून आलं की त्याचा हुकूम होतो, आणि तेच मुलांनी म्हटलं की आम्हाला ती घाई वाटते. यावर आम्हाला सापडलेला तोडगा म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक. साडेआठला पाणी सर्वांत खाली जाणार आहे म्हणून सातला निघायचं. यात कुणाचं मत नाही, त्यामुळे कुणाचा शब्द खाली पडायचाही प्रश्न नाही. घरातला सर्वांत मोठा माणूस तिथे समुद्रच, हे एकदा चौघांनी मान्य केलं आणि आखणीतली निम्मी ओढाताण संपली.

आधी तारखा. रजेच्या दृष्टीने जमतील असे आठवडे थोरलीने लिहून दिले, धाकट्याने त्यातले परीक्षेचे खोडले. उरलेल्यांच्या पुढे मी दिनदर्शिकेत बघून तिथी लिहिल्या. ज्यांना किनाऱ्यावर नुसतं बसायचं नाही, पाण्यात उतरायचं आहे, त्यांनी चंद्र बघितल्याशिवाय रजेचा अर्ज करू नये असं माझं ठाम मत झालं आहे.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एकत्र लागते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची. बऱ्याच किनाऱ्यांवर प्रत्यक्ष परिणाम तिथीनंतर एखाद-दोन दिवसांनी दिसतो. उधाणात पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, आणि तेवढ्याच सहा तासांत ते सगळं आत-बाहेर व्हायचं असल्यामुळे प्रवाहांना जोर असतो. भांगाच्या दिवसांत पाण्याची ये-जा कमी, प्रवाह मंद, तळाचा गाळ कमी ढवळला जातो आणि पाण्याखालचं जास्त स्वच्छ दिसतं. म्हणजे स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं) आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) यांसाठी भांग बरा. खडकांमधली डबकी, तारामासे, समुद्रफुलं, कालवं बघायची असतील तर उधाणाची ओहोटी हवी, कारण एरवी पाण्याखाली असलेला खडक तेव्हाच उघडा पडतो.

आम्ही निवडलेला आठवडा वद्य अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि अमावास्येपाशी संपतो. सुरुवातीचे दिवस पाण्याखाली, मधले लाटांवर आणि खाडीत, शेवटचे खडकांत. शिवाय शेवटच्या रात्री चंद्र नसेल. काही समुद्रांत काही ऋतूंमध्ये सूक्ष्म जीवांमुळे पाणी रात्री ढवळलं की निळसर चमकतं. ते दिसेलच असं कुणी सांगू शकत नाही, पण दिसायचं असेल तर काळोख हवा, आणि तो या आठवड्यात आपोआप मिळतो. ही शेवटची गोष्ट धाकट्याच्या लक्षात आली, माझ्या नाही, आणि त्यामुळे हा आठवडा त्याचाही झाला.

वेळापत्रक मात्र त्याच किनाऱ्याचं हवं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक इतका थोडा असतो की त्यावर बेत आखायची गरजच पडत नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हाच फरक १६ मीटरपर्यंत जातो. मेक्सिकोच्या आखातात काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते. जिथे दोन येतात तिथे एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज दहाला असलेली ओहोटी उद्या अकराच्या आसपास. यातून आणखी एक गोष्ट निघते, ती मला फार उपयोगी वाटली. एखाद्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी दर वेळी दिवसाच्या जवळपास त्याच वेळेला येते. कुठे ती सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी, तर कुठे दुपारी आणि मध्यरात्री. उजेडात येणारी ओहोटी हवी असेल तर गाव ठरवतानाच हे बघावं लागतं. आम्ही दोन गावांमध्ये अडकलो होतो. निकाल या एका गोष्टीने लागला.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही, हेही घरात सगळ्यांना पाठ करायला लावलं. पहिल्या तासात एकूण चढायच्या पाण्याचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. खडकांच्या टोकाला वाकून खेकडे बघत बसलेल्या माणसाला पहिला तासभर काहीच बदललेलं वाटत नाही आणि नंतर परतीची वाट पाण्यात गेलेली असते. कड्याखालच्या छोट्या पुळणींवर तर परत वर यायला दुसरी वाटच नसते. आमचा नियम असा ठरला की ओहोटीच्या वेळेआधी दीड-दोन तास खडकांत जायचं आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं.

दिवसाची मांडणी याहून सोपी आहे. रोज एकच गोष्ट चौघांनी मिळून करायची आणि तिची वेळ समुद्र सांगेल. बाकीचा दिवस ज्याचा त्याचा. मुलांना उशिरा उठायचं असेल तर उठू दे, आम्हाला पहाटे चालायचं असेल तर आम्ही चालू. ही मोकळीक मी उदारपणे दिलेली सवलत नाही, ती चौघांची गरज आहे. वर्षभर वेगळ्या घरांत, वेगळ्या वेळांना जगणारी माणसं एकदम चोवीस तास एकत्र आली की तिसऱ्या दिवशी आवाज चढतात. राहायची जागाही त्याच हिशेबाने घेतली, दोन्ही मुलांना आपापलं दार असलेली, आणि किनाऱ्यावर पायी जाता येईल अशी. पायी जाता आलं की कुणालाही कुणासाठी थांबावं लागत नाही.

आता पोहण्याविषयी. थोरली उत्तम पोहते, पण तलावात. तलावात कडा असते, तळ दिसतो, पाणी जागचं हलत नाही. म्हणून निघायच्या आधी काही महिने आम्ही एक कसोटी ठेवली, तीही स्वतः शोधलेली नाही. स्कूबाचा पहिला अभ्यासक्रम करणाऱ्याला न थांबता २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं नुसतं तरंगून. वेगाची अट नाही. हीच कसोटी चौघांनी द्यायची, ज्याला जमणार नाही त्याने पाण्यावरच्या प्रत्येक खेळात लाइफ जॅकेट घालायचं, आणि कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद, हलक्या नावेत, तर सगळ्यांनीच घालायचं, पोहता येवो न येवो. २०० मीटर आम्हाला जमलं. तरंगणं मात्र मुलांना जड गेलं. तरुण माणसाला पाण्यात काहीच न करता राहणं अवघड वाटतं. मला तो १० मिनिटांचा भाग २०० मीटरपेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं कारण रिप करंट.

किनाऱ्यावर लाटांनी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यामध्ये कुठे खाच असेल तर ते तिथून एका अरुंद पट्ट्यात जोराने समुद्राकडे निघतं. हाच रिप करंट. एरवी त्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण २.५ मीटरपर्यंतचे वेगही नोंदले गेले आहेत. जगातले सर्वांत वेगवान जलतरणपटूसुद्धा १०० मीटरच्या शर्यतीत सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आतच असतात. तेव्हा त्या ओढीविरुद्ध हात मारत किनाऱ्याकडे पोहणं ही दमण्याची सर्वांत जलद वाट आहे, आणि माणसं बुडतात ती बहुतेक दमून. रिप माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे त्याचा जोर सहसा ओसरतो. म्हणून आधी तरंगायचं, श्वास सावरायचा, हात वर करून मदत मागायची. अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग जिथे लाटा फुटत आहेत तिथून आत यायचं.

ओळखायचा कसा, हे मुलांना मी जास्त वेळ घेऊन सांगितलं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधेच एक पट्टा गडद, शांत दिसतो. तिथे फेस नाही, लाट नाही. नवख्या माणसाला उतरायला तीच जागा सुरक्षित वाटते, आणि तोच रिप असतो. कधी त्यातून फेस किंवा गढूळ वाळू समुद्राकडे जाताना दिसते. उंचावरून बघितलं तर बरंच स्पष्ट कळतं. म्हणून आमच्याकडे ठरलं आहे की पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी उंच जागी उभं राहून पाणी वाचायचं आणि प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. जीवरक्षक असलेला किनारा ही अट तर गाव ठरवतानाच होती. बऱ्याच देशांत वर लाल, खाली पिवळा असे झेंडे जीवरक्षकांची नजर असलेला पट्टा दाखवतात. पोहायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मध्ये. नुसता लाल झेंडा धोक्याचा, दोन लाल म्हणजे पाण्यात जायलाच बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आलेत. तरी प्रत्येक ठिकाणचा फलक वाचावा आणि तिथल्या जीवरक्षकाशी दोन मिनिटं बोलावं. आज कुठे ओढ आहे हे त्यांना माहीत असतं आणि विचारलं तर ते आनंदाने सांगतात.

हे सगळं मोठ्या मुलांना सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर ‘आई, आम्हाला कळतं’ येतं. ते खरंही आहे. पण लहानपणी मी त्यांचा हात धरून पाण्यात उभी राहायचे. आता ती माझ्यापेक्षा लांब पोहतात आणि मी किनाऱ्यावरून त्यांच्यापर्यंत पोहोचू शकणार नाही. जिथे माझा हात पोहोचत नाही तिथे माझ्याजवळ द्यायला एवढी माहितीच आहे. मी ती शांतपणे, एकदाच, पण पूर्ण देते.

स्कूबाचा हट्ट धाकट्याचा. त्याला पूर्ण अभ्यासक्रम करायचा आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाण्याची परवानगी मिळेल असा. त्यातला वाचनाचा भाग घरूनच करता येतो, तो त्याने सुरूही केला आहे, त्यामुळे सुट्टीतले दिवस वर्गात जाणार नाहीत. आम्ही बाकीचे प्रशिक्षकाचा हात धरून एकदा खाली जाऊन येणार. अशा ओळखीच्या बुडीत १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीप्रमाणे हवा देणारं यंत्र बनवलं, तेव्हापासून पाण्याखाली मोकळं फिरणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. पण शरीराचे नियम तेच आहेत. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून कानांतला दाब पहिल्या मीटरपासूनच, दुखायच्या आधी, समान करत जायचा. वर येताना छातीतली हवा फुगते, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी बुडी नाही, मग पैसे भरलेले असोत.

या प्रकारात आईवडिलांनी एक कागद आधीच मागवून घ्यावा, तो म्हणजे प्रकृतीची प्रश्नावली. मुलांचं काम बहुधा सगळीकडे ‘नाही’ लिहून होतं. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, घरात कमी वयात हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने कुणी गेलं आहे का, असे वेगळे प्रश्न असतात. एक जरी ‘हो’ आलं तरी डॉक्टरांची सही लागते. माझ्या नवऱ्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. हा कागद किनाऱ्यावर पोहोचल्यावर हातात पडला असता तर दोनच गोष्टी झाल्या असत्या, त्याला वर बसावं लागलं असतं किंवा खोटं ‘नाही’ लिहावं लागलं असतं. दुसरं मी होऊ दिलं नसतं. आता तपासणीला पुरेसा वेळ आहे, आणि डॉक्टर नाही म्हणाले तर तो वरून स्नॉर्केल करेल. नितळ पाण्यात तेही पुष्कळ असतं.

बुडी आठवड्याच्या सुरुवातीला ठेवण्याचं आणखी एक कारण विमान. पाण्याखाली दाबाने शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. बुडी मारणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस आहे की एकच बुडी असेल तर विमानात बसायच्या आधी किमान १२ तास, आणि एकापेक्षा जास्त बुड्या किंवा अनेक दिवसांच्या असतील तर १८ तास जाऊ द्यावेत. उंच घाटातून गाडीने परतणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. शेवटच्या दिवशी सकाळी बुडी आणि दुपारी विमान, असा बेत अगदी आकर्षक छापलेला असला तरी घेऊ नये.

कयाक थोरलीची आवड. तिच्याकडे हा भाग पूर्ण सोपवला आहे आणि तिने तो माझ्यापेक्षा चांगला अभ्यासला. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. दुपारी त्यांचा जोर सर्वांत जास्त. रात्री उलट, मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. त्यामुळे वल्हवायला सकाळ चांगली. पण तिनेच हेही दाखवून दिलं की वारा जमिनीकडून वाहत असतो तेव्हा काठाजवळचं पाणी काचेसारखं दिसतं, आणि हलकी कयाक, पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) किंवा हवेची गादी नकळत भर समुद्राकडे ओढली जाते. परत येताना तोच वारा तोंडावर असतो. फुगवलेल्या गाद्यांना तर तिने यादीतून काढूनच टाकलं. वाऱ्याचे आकडे वाचायला तिने बोफर्ट मापन, म्हणजे वाऱ्याच्या जोराला क्रमांक देणारं कोष्टक, भिंतीवर लावलं आहे, १८०५ मध्ये नौदलाच्या एका अधिकाऱ्याने जहाजासाठी आखलेलं. तीनवर, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटरला, कुठेकुठे लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो. चारवर तो बऱ्याच ठिकाणी दिसतो. बऱ्याच ठिकाणी फेस दिसला की आमची नाव पाण्यात जाणार नाही. शक्य तिथे आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परतीला वारा मदतीला.

खाडीतली फेरी मात्र पूर्णपणे पाण्याच्या हातात. भरती लागताना आत जायचं, वरपर्यंत पोहोचून थोडं थांबायचं आणि ओहोटीबरोबर बाहेर यायचं. वल्ही मारायची ती दिशा ठेवण्यापुरती. हे नीट जमवलं तर गुडघे, खांदे, वय काहीही आड येत नाही. चौघांनी मिळून करायच्या गोष्टींत मला याची सर्वांत जास्त ओढ आहे, कारण तिथे कुणी पुढे, कुणी मागे राहत नाही आणि बोलता येतं.

लाटांवर उभं राहायला शिकणं, म्हणजे सर्फिंग, हे दोघा मुलांचं. मीही पहिल्या धड्याला जाणार आहे. शिकायला वाळूचा तळ, मऊ फोमची आठ-नऊ फुटी फळी आणि फुटून गेलेल्या लाटेचं पांढरं पाणी एवढं पुरतं. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीला आली की फुटते, म्हणजे कमरेएवढ्या लाटेखाली पाणी छातीच्या आतच असतं. म्हणूनच पडताना डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, सपाट पडायचं आणि वर येताना हात डोक्यावर धरायचे. फळीची दोरी पायाला बांधलेली असावी. बाकी प्रशिक्षक सांगेल.

चालण्याला आम्ही दोघं. कोरड्या मऊ वाळूत चालायला कठीण जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, हे मोजून सिद्ध झालेलं आहे, आणि आमच्या पोटऱ्यांनाही ते माहीत आहे. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू चालायला उत्तम. किनारा उतरता असल्यामुळे एक पाय सतत खाली पडतो, तेव्हा जितकं जायचं तितकंच त्याच वाटेने परतावं, म्हणजे दोन्ही गुडघ्यांना सारखा वाटा मिळतो.

उन्हाचं एकच सांगते. पाण्यातून वर आल्यावर आणि दर दोन तासांनी क्रीम पुन्हा लावायचं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून लांब बाह्यांचे पोहायचे कपडे घेतले. ते चोळावे लागत नाहीत आणि पाण्यात विरघळतही नाहीत. प्रवाळांना घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमांच्या विक्रीवर हवाई राज्याने २०२१ पासून बंदी घातली. जी थोडी क्रीम लागेल ती घेताना डबीवरची ही दोन नावं बघून घ्यावीत.

पैशांचं बोलणं माझ्या अपेक्षेपेक्षा नाजूक निघालं. थोरलीला आपला वाटा द्यायचा होता. माझ्या तोंडावर ‘अगं, कशाला’ आलं होतं, ते मी गिळलं. जी मुलगी आपल्या कमाईतून वाटा देते, तिला त्या सुट्टीत खरोखर मत असतं. तो हक्क काढून घेणं हे लाड नाहीत. कयाक आणि खाडीच्या फेरीचा खर्च तिचा. धाकट्याकडे कमाई नाही, त्याच्याकडे काम आहे. रोजची भरती-ओहोटी, वारा आणि लाटांचा अंदाज रात्री बघून सगळ्यांना कळवायचा आणि सकाळी पुन्हा तपासायचा.

दोन नियम चौघांनाही सारखेच. दारू प्यायलेल्याने त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही; मुलं मोठी आहेत, संध्याकाळी काय करायचं हे त्यांचं त्यांनी ठरवावं, पण पाण्याशी त्याची गाठ घालायची नाही. आणि काठावर उभं राहून चौघांतल्या एकाला जरी ‘आज नको’ वाटलं तर कुणीही उतरायचं नाही, कारण विचारायचं नाही, नंतर त्यावरून बोलायचंही नाही. या दुसऱ्या नियमावर धाकटा जरा थांबला. मग त्याने विचारलं, ‘मी म्हटलं तरी?’ तू म्हटलंस तरी, असं त्याचे बाबा म्हणाले.

नवऱ्याची डॉक्टरांकडची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. मला अजून पाण्याखाली बघायचा मास्क घ्यायचा आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच श्वास आत घेतला आणि हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तरच तो आपल्या मापाचा. रविवारी थोरली बरोबर येते म्हणाली आहे.